फॅब्रिकेशन ड्रॉइंग (पोलादी इमारतींचे)

पोलादी सांगाड्यातला प्रत्येक कॉलम, बीम, ब्रेसिंग आणि त्यांना जोडणारी प्रत्येक प्लेट कारखान्यात किती लांबीची कापायची, भोके कुठे पाडायची, वेल्ड कुठे व किती भरायचा आणि तयार नगावर कोणता मार्क घालायचा हे सांगणारे रेखाचित्र. कारखान्यात त्याला शॉप ड्रॉइंग म्हणतात. कार्यालयीन संकुले, हॉटेले, मॉल, रुग्णालये यांसारख्या व्यापारी इमारतींत पोलादाचे बहुतेक काम जागेवर होत नाही. माल चाकण, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत तयार होऊन ट्रेलरने येतो आणि साइटवर फक्त उचलून बोल्टने आवळला जातो. त्यामुळे कारखान्यातला फिटर आणि साइटवरचा इरेक्टर यांची भेट होते ती या कागदावरच.

संरचना अभियंत्याच्या डिझाइन ड्रॉइंगमध्ये बीम ही ग्रिडवरची एक रेघ असते. तिच्या शेजारी सेक्शनचे नाव असते आणि फार तर टोकाला येणारा भार लिहिलेला असतो. या रेघेचा कापता येईल असा तुकडा करणे हे डिटेलरचे काम. दोन कॉलममधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६००० मिमी असेल आणि बीम ३०० मिमी खोलीच्या कॉलमच्या फ्लँजला भिडत असेल, तर मोकळी जागा ५७०० मिमी उरते. पण बीम ५७०० चा कापला तर तो आत शिरणारच नाही. दोन्ही टोकांना १० मिमी सोडून तो ५६८० चा कापतात. कॉलमला आधीच वेल्ड केलेल्या फिन प्लेटवर २० मिमीचे बोल्ट बसवायचे, तर भोके २२ मिमीची लागतात. भारतीय मानक आयएस ८०० : २००७ नुसार दोन बोल्टांमधले अंतर बोल्टच्या व्यासाच्या अडीच पटीपेक्षा, म्हणजे ५० मिमीपेक्षा, कमी चालत नाही. कातरलेल्या कडेपासून भोकाच्या मध्याचे अंतर भोकाच्या व्यासाच्या १.७ पट, म्हणजे ३७.४ मिमी भरते, आणि व्यवहारात ४० धरले जाते. एक बीम दुसऱ्या बीमला मिळतो व दोघांचे वरचे पृष्ठ एका पातळीत हवे असते, तेव्हा येऊन मिळणाऱ्या बीमचा फ्लँज कोपऱ्यात खाचून काढतात. याला कोपिंग म्हणतात. या खाचेचा आतला कोपरा गोलाईने कापावा असे ड्रॉइंगवर लिहिलेले नसेल, तर घाईतला गॅसकटर तो सरळ काटकोनात कापून मोकळा होतो आणि पुढे तडा जायला तिथूनच सुरुवात होते.

एका इमारतीसाठी अशा ड्रॉइंगांचा संच बनतो. सर्वांत आधी जाते ते अँकर बोल्टांचे ड्रॉइंग, कारण फाउंडेशनचे काँक्रीट पोलादाच्या कितीतरी आधी ओतले जाते. तिथे बोल्ट वीस मिमी सरकला तर वरच्या सगळ्या अचूकतेचा उपयोग नाही. त्यानंतर कोणता नग कुठे बसतो ते दाखवणारे इरेक्शन ड्रॉइंग, वेल्ड होऊन शॉपमधून बाहेर पडणाऱ्या पूर्ण नगाचे असेंब्ली ड्रॉइंग आणि त्यातल्या एकेका क्लीटचे, गसेटचे, स्टिफनरचे सिंगल पार्ट ड्रॉइंग. सोबत मालाची यादी असते आणि वजनही तिच्यातूनच निघते. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरल्यामुळे १० मिमी प्लेटचा एक चौरस मीटर ७८.५ किलो भरतो, हा आकडा शॉपमधल्या कुणालाही तोंडपाठ असतो. ठेकेदाराचे बिलही टनावरच होते. कॉलम कुठे तोडायचा हेही याच टप्प्यावर ठरते. ट्रेलरवर साधारण १२ मीटरचा नग विनासायास जातो, म्हणून कॉलम दोन-तीन मजल्यांच्या तुकड्यांत करतात. सांधा मजल्याच्या मीटर-सव्वा मीटर वर ठेवतात, म्हणजे बोल्ट आवळणाऱ्याला उभ्याने हात पोचतो.

या ड्रॉइंगवरची सर्वांत दाट भाषा वेल्डच्या चिन्हांची. बाण, त्याला जोडलेली आडवी रेघ, रेघेवर वेल्डचा प्रकार व माप. वळणावर वर्तुळ असेल तर वेल्ड चहूबाजूंनी, झेंडा असेल तर साइटवर. इथपर्यंत सगळीकडे जवळपास सारखे आहे, घोळ पुढे सुरू होतो. अमेरिकी पद्धतीत रेघेखालचे चिन्ह बाणाच्या बाजूचे असते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या एका पद्धतीत सलग रेघेला जोडून तुटक रेघ काढतात आणि सलग रेघेवरचे चिन्ह बाणाच्या बाजूचे धरतात. फिलेट वेल्डचे माप अमेरिकेत पायाची लांबी म्हणून लिहितात, युरोपातल्या ड्रॉइंगवर ते अनेकदा गळ्याची जाडी असते. काटकोनातल्या समभुज फिलेटचा गळा पायाच्या सुमारे ०.७ पट भरतो. म्हणजे कुणी ८ मिमी गळा मागितला आणि शॉपने ८ मिमी पाय भरला, तर हातात ५.६ मिमीचा गळा पडतो आणि ताकद तीस टक्क्यांनी घटते. वेल्ड दिसायला मात्र सुबकच असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ही चूक सहसा सापडत नाही. नगाची दृश्ये मांडण्याची पद्धतही वेगळी: भारतात आणि युरोपात पहिल्या कोनाचे प्रक्षेप वापरतात, अमेरिकेत तिसऱ्या कोनाचे. पुणे, चेन्नई, हैदराबादच्या डिटेलिंग ऑफिसांत परदेशी इमारतींची कामे होतात, त्यामुळे ड्रॉइंग तपासणाऱ्या तिथल्या चेकरला सकाळी मिलिमीटर आणि दुपारी फूट-इंच असे दोन्ही संसार सांभाळावे लागतात.

ड्रॉइंग तयार झाले की चेकर ते तपासतो आणि मग ते डिझाइन करणाऱ्या अभियंत्याकडे मंजुरीला जाते. 'मंजूर', 'शेऱ्यांसह मंजूर' किंवा 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा' यांपैकी एक शिक्का घेऊन ते परत येते. प्रत्येक दुरुस्तीला नवा रिव्हिजन क्रमांक मिळतो आणि बदललेल्या भागाभोवती ढगाची रेघ काढतात. जुने रिव्हिजन शॉपमधून वेळेवर काढून घेतले नाही तर चुकीचा माल हमखास बनतो. या शिक्क्याचा नेमका अर्थ काय, यावर मात्र वाद आहे. अमेरिकी पोलाद संस्थेच्या आचारसंहितेनुसार करारातल्या अटींचा अर्थ माल बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने बरोबर लावला आहे आणि त्याने जोड ठरवले असतील तर ते स्वीकारले आहेत, एवढे या मंजुरीतून ठरते. मापे चुकली किंवा नग एकमेकांत बसले नाहीत तर ती जबाबदारी फॅब्रिकेटरचीच राहते. आपल्याकडे बहुतेक कंत्राटांत हे इतके स्पष्ट लिहिलेले नसते. डिझाइन ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जोडाचा एक नमुना असतो, उरलेले 'डिटेल नंतर बघू' या भरवशावर सोडलेले असते आणि ते नंतर बघणारा बहुधा ऑफिसातला सर्वांत तरुण माणूस असतो.

ही ढिलाई किती महाग पडते याचे उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त अंतर्भागात तीन पादपूल छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले होते. चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलावर होता. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच अखंड सळी दोन्ही पुलांमधून जात होती आणि प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकत होता. पण तसे करायचे तर वरचा नट चढवण्यासाठी सळीवर बऱ्याच लांबीपर्यंत आटे पाडावे लागले असते. म्हणून फॅब्रिकेशनच्या टप्प्यावर सळीचे दोन तुकडे झाले. छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक, आणि चौथ्या मजल्याच्या बीमपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत दुसरा. कागदावर बदल किरकोळ दिसतो, पण आता खालच्या पुलाचे सगळे वजन वरच्या पुलाच्या बीमला लटकू लागले आणि त्या जोडाच्या नटावरचा भार दुप्पट झाला. बीम म्हणजे दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी होती आणि सळीचे भोक नेमके त्या वेल्डमधून गेले होते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम चालू असताना तो जोड फाटला, नट पेटीतून आरपार निघाला आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

चौकशीत मूळ आराखडाही निर्दोष ठरला नाही. त्याची ताकद शहराच्या बांधकाम नियमांत अपेक्षित असलेल्या ताकदीच्या फक्त ६० टक्के होती. मात्र या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते दुसरेच. त्या जोडाचे गणित प्रत्यक्षात कुणीही केलेले नव्हते. अभियंत्याने धरले की ते फॅब्रिकेटर करील, फॅब्रिकेटरने धरले की ते अभियंत्याने केलेच आहे. शॉप ड्रॉइंगवर अभियंत्याचा शिक्का होता, आणि मिसूरी राज्याने संबंधित अभियंत्यांचे परवाने रद्द केले. न्यू यॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीतही तिरप्या ब्रेसिंगचे वेल्ड केलेले सांधे बोल्टचे झाले होते. हा बदल आणि कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब १९७८ मध्ये अभियंता विल्यम लेमेशुरिए यांनी पुन्हा तपासला, सांधे अपुरे असल्याचे दिसले, आणि रात्रपाळीत सांध्यांवर प्लेटा वेल्ड करून इमारत सावरली गेली.

इमारतीचे सुटे भाग दूर बनवून आणायची पद्धत मुंबईला नवी नाही. काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने आणला गेला. पुढे रिव्हेटच्या काळात शॉपच्या लाकडी तक्तपोशीवर पूर्ण मापाची आकृती काढून तिच्यावरून लाकडाचे किंवा जाड कागदाचे टेम्प्लेट कापत आणि त्यांवरून पोलादावर भोके आखत. आता डिटेलर टेकला स्ट्रक्चर्स किंवा एसडीएस-२ सारख्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा सांगाडा त्रिमितीत उभा करतो. ड्रॉइंग, मालाची यादी आणि ड्रिलिंग यंत्राला लागणारी फाइल या सगळ्या त्या मॉडेलमधूनच निघतात, त्यामुळे भोके एकमेकांसमोर न येण्याची जुनी तक्रार बरीच कमी झाली. जोडाला ताकद किती हवी हे मात्र त्या मॉडेलला आपणहून कळत नाही. भाराचा आकडा कुणीतरी द्यावा लागतो.

काम संपल्यावर साइटवर झालेले बदल नोंदवून ड्रॉइंगचा शेवटचा संच मालकाच्या ताब्यात देतात. गच्चीवर नवा कूलिंग टॉवर चढवायचा किंवा जिन्यासाठी स्लॅब कापायचा ठरला, की पहिली विचारणा याच संचाची होते. तो सापडला नाही तर आतले छत उघडून, रंग खरवडून, प्लेटांची जाडी आणि बोल्टांचे आकडे हाताने मोजत बसावे लागते.