क्रूझरवरून स्पोर्ट बाइकवर जाताय? गाडी एका दिवसात बदलते, सवयी नाही

शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे न्हावरे, पारगाव, केडगाव-चौफुला, मग पाटस आणि तिथून दौंड. हा माझा नेहमीचा रस्ता. चार वर्षं क्रूझर चालवून स्पोर्ट बाइक घेतली, त्याला महिनाही झाला नव्हता. उसाचा हंगाम सुरू होता. न्हावऱ्याच्या पुढे अंधारात अचानक उसाची ट्रॉली दिसली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. उजवा पाय ब्रेक दाबायला पुढे गेला आणि तिथे काहीच नव्हतं.

ब्रेक पेडल गाडीला होतंच. पण क्रूझरवर ते पुढे असतं आणि स्पोर्ट बाइकवर मागे, सीटच्या खालच्या बाजूला. पायाला अजून जुनीच जागा आठवत होती. हाताने पुढचा ब्रेक दाबला, एबीएस चालू झालं आणि गाडी थांबली. ट्रॉली मात्र खूपच जवळ आली होती.

असा बदल करायचा विचार करणारे बरेच जण फक्त पीएस, टॉप स्पीड आणि ईएमआय बघतात. या लेखात आपण त्यापलीकडचं बघू: नेमकं काय बदलतं, का बदलतं आणि पहिले १००० किलोमीटर कसे काढायचे.

आधी आकडे बघू

भारतात परवडणारी क्रूझर लोकप्रिय केली ती बजाजने. २००१ मध्ये कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर आली आणि २००५ मध्ये तिची जागा अ‍ॅव्हेंजरने घेतली. परवडणाऱ्या स्पोर्ट बाइकची सुरुवात २००८ च्या यामाहा आर१५ पासून धरतात. केटीएमच्या आरसी मालिकेच्या गाड्या तर आपल्याच जिल्ह्यात, चाकणला बनतात.

तुलनेसाठी तीन ओळखीच्या गाड्या घेऊ. मॉडेलच्या वर्षानुसार आकडे थोडे इकडे-तिकडे होतात.

- बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०: १९ पीएस, १७.५५ न्यूटन मीटर, वजन १६३ किलो, सीटची उंची ७३७ मिमी, दोन चाकांमधलं अंतर १४९० मिमी
- रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५०: २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर, वजन १९१ किलो, सीटची उंची ७६५ मिमी, चाकांमधलं अंतर १४०० मिमी
- यामाहा आर१५ व्ही४: १८.४ पीएस, १४.२ न्यूटन मीटर, वजन १४२ किलो, सीटची उंची ८१५ मिमी, चाकांमधलं अंतर १३२५ मिमी

गंमत बघा, तिन्ही गाड्यांची ताकद जवळपास सारखीच आहे. मग चालवताना इतका फरक का जाणवतो? कारण ती ताकद वेगवेगळ्या ठिकाणी मिळते आणि वेगवेगळ्या सांगाड्यावर बसवलेली असते.

ताकद मिळते कुठे?

सूत्र सोपं आहे. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ९५४९ ने भागायचं, की किलोवॉटमध्ये पॉवर मिळते.

मीटिऑरचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच येतो. म्हणजे तिथेच ११.३ किलोवॉट हातात आहेत. आर१५ चा सगळाच्या सगळा १४.२ टॉर्क ४००० ला मिळाला असं धरलं, तरी पॉवर होते जेमतेम ६ किलोवॉट. प्रत्यक्षात तो टॉर्क ७५०० आरपीएमला येतो आणि पूर्ण पॉवर १०,००० ला.

याचा रस्त्यावर अर्थ काय? क्रूझरवर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये नुसता थ्रॉटल पिळला की ट्रॅक्टर मागे पडतो. स्पोर्ट बाइकवर तसंच करायला गेलात तर गाडी ढिम्म. आधी एक-दोन गिअर खाली या, आरपीएम वर चढू द्या, मगच ओव्हरटेक करा. समोरून एसटी येत असताना हे कळलं तर उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवातीला ओव्हरटेकसाठी क्रूझरच्या दुप्पट मोकळा रस्ता दिसत असेल, तरच बाहेर पडा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आर१५ मध्ये ७४०० आरपीएमच्या आसपास व्हीव्हीए ही यंत्रणा चालू होते, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलते आणि इंजिन वरच्या आरपीएमला मोकळं पळतं. अरुंद रस्त्यावर, पुढे स्पीडब्रेकर असताना याची सवय नसलेला माणूस गडबडतो.

ब्रेक: मागचा हात सोडतो, पुढचा सांभाळतो

ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर सरकतं. किती सरकतं, हे वजनाचा मध्य किती उंच आहे आणि दोन चाकांत किती अंतर आहे यावर ठरतं. चालकासकट हा मध्य अ‍ॅव्हेंजरवर ढोबळ मानाने ६० सेंटिमीटर आणि आर१५ वर ६५ सेंटिमीटर धरू. जोराचा ब्रेक, म्हणजे ०.७ जी. अ‍ॅव्हेंजरवर साधारण २८ टक्के वजन पुढे जातं, आर१५ वर ३४ टक्के. त्यात स्पोर्ट बाइकवर आपण मुळातच पुढे वाकून बसलेलो असतो.

म्हणजे क्रूझरचा मागचा ब्रेक बऱ्यापैकी काम करतो आणि आपल्याला त्याची सवय लागते. स्पोर्ट बाइकवर जोराच्या ब्रेकच्या वेळी मागचं चाक हलकं झालेलं असतं, त्यामुळे जवळजवळ सगळं काम पुढच्या ब्रेकचं. त्याची भीती घालवणं हा या बदलातला सर्वात महत्त्वाचा धडा आहे. लिव्हर एकदम आवळायची नाही. आधी हलकी दाबायची, पुढचा सस्पेन्शन बसू द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा.

एबीएसबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. साधं एबीएस चाक लॉक होतंय का एवढंच बघतं. गाडी किती झुकली आहे हे त्याला कळत नाही. २०२२ च्या केटीएम आरसी ३९० सारख्या गाडीत त्यासाठी वेगळा सेन्सर आहे, तुमच्या मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी करणाऱ्या सेन्सरचाच मोठा भाऊ म्हणा. आर१५ मध्ये असं कॉर्नरिंग एबीएस नाही. त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

रात्रीचा हिशोब

हा भाग शिरूर-दौंडच्या वाचकांनी तरी दोनदा वाचावा. धोका दिसून ब्रेकवर हात जायला १ सेकंद आणि त्यानंतर चांगला ब्रेक, असं धरलं तर कोरड्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर असं:

- ६० च्या वेगाला सुमारे ३७ मीटर
- ८० च्या वेगाला सुमारे ५८ मीटर
- १०० च्या वेगाला सुमारे ८४ मीटर

लो बीमचा कामाचा उजेड साधारण ४०-५० मीटर असतो. म्हणजे समोरून गाड्या येत आहेत, लो बीम लावलाय आणि तुम्ही ८० ने जाताय, तर बिनदिव्याची ट्रॉली दिसेल तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसेल. गाडी कितीही भारी असली तरी हे गणित बदलत नाही. रस्त्यावर शेतातून आलेली माती किंवा उसाचं पाचट पडलं असेल तर अंतर आणखी वाढतं.

क्रूझरवर ८० ला वारा छातीवर बसतो आणि आपण आपोआप हात आखडता घेतो. स्पोर्ट बाइकवर फेअरिंगमागे ८० म्हणजे ६० वाटतात. शिवाय प्रोजेक्टर हेडलाइटच्या उजेडाची वरची कड चाकूने कापल्यासारखी असते. कडेखाली लख्ख, वर काळोख. ट्रॉलीतून बाहेर लोंबणारा ऊस नेमका त्या काळोखात असतो. म्हणून हंगामात अंधार पडल्यावर गावातल्या रस्त्यांवर ६० च्या वर जायचं नाही, हा नियम मी त्या रात्रीनंतर केला. आजतागायत मोडलेला नाही.

वळण आणि खड्डे

क्रूझरचा पुढचा फोर्क जास्त तिरका असतो. गाडी सरळ रेषेत निवांत जाते, वळायला थोडी आळशी असते. स्पोर्ट बाइकचा फोर्क उभट, त्यामुळे ती पटकन आत वळते. सोलापूर हायवेवर लेन बदलताना पहिल्या आठवड्यात तुम्ही गरजेपेक्षा जास्त वळवाल, हे धरून चाला. हँडल घट्ट धरू नका. डावीकडे जायचं तर डाव्या हाताने हँडल हलकंच पुढे ढकला. वेगात असताना गाडी त्या बाजूला झुकते आणि वळते. क्रूझरवरही हेच होत होतं, फक्त लक्षात येत नव्हतं.

शिरूरच्या बाजारपेठेत यू-टर्न मारताना मात्र उलटा अनुभव येईल. छोटं क्लिप-ऑन हँडल कमी फिरतं. मुकाट्याने पाय टेकवून दोन टप्प्यांत वळवा, लाजायचं कारण नाही.

खड्ड्यांचं बोलायचं तर ग्राउंड क्लिअरन्सची उगाच भीती घातली जाते. अ‍ॅव्हेंजर क्रूझचा १६९ मिमी आणि आर१५ चा १७० मिमी. फरक टायरमध्ये आहे. अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या टायरची भिंत सुमारे ११७ मिमी उंच, आर१५ ची ९८ मिमी. गादी पातळ झाली, एवढंच समजा. खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठायचं आणि गुडघे सैल ठेवायचे.

मनगट, पाठ आणि मागची सीट

क्रूझरवर वजन बुडावर असतं. स्पोर्ट बाइकवर ते मनगटांवर जातं, पण जायला नको. टाकी गुडघ्यांनी धरा, पोट थोडं ताठ ठेवा, कोपर वाकवा. कोपर सरळ ताठ असतील तर अर्ध्या तासात हात बधिर होतात. सुरुवातीला चौफुल्याला उतरून पाच मिनिटं चाला, मग पुढे निघा.

पायाचंही तेच. मीटिऑरसारख्या गाडीला टाच-पंजाचा गिअर असतो, स्पोर्ट बाइकला फक्त पंजाचा. टाच मारायची सवय आधी विसरावी लागते.

आणि घरात ही एकच गाडी असेल तर आईला किंवा बायकोला मागे बसवून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका. मागची सीट उंच आणि लहान असते, धरायला फारसं काही नसतं. रांजणगावच्या गणपतीला जाऊन येईपर्यंत निकाल लागतो.

मोबाइल कुठे लावायचा?

क्लिप-ऑन हँडलवर नेहमीचा होल्डर नीट बसत नाही. त्यासाठी स्टेअरिंगच्या मधल्या भागात बसणारे वेगळे होल्डर मिळतात. पण त्याआधी हे वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं हँडलमधून आयफोनपर्यंत पोचून कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये लेन्स हलवणारं स्टॅबिलायझेशन आहे, त्यांचीही रचना तशीच असते. एका सिलिंडरचं इंजिन ८-९ हजार आरपीएमला फिरतं तेव्हा बारीक, वेगवान कंपनं येतात.

उपाय सोपा: फोन खिशात, नकाशाचा आवाज हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर. मीटिऑरच्या ट्रिपर डायलवर बाण बघायची सवय असेल तर नवीन गाडीत ते मिळतंय का, हे शोरूममध्येच विचारा. नुसतं ब्लूटूथ असणं म्हणजे नेव्हिगेशन असणं नव्हे. बऱ्याचदा त्यात फक्त कॉल-मेसेजची सूचना मिळते.

कागदपत्रं आणि पैसे

- जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं जाईपर्यंत पाठपुरावा करा. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. नाहीतर चलन तुमच्याच मोबाइलवर येत राहतात.
- नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तो नवीन गाडीच्या विम्यात वापरता येतो.
- थर्ड पार्टी विम्याचे गट सीसीवर ठरतात. २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये, त्यावर २८०४ रुपये.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के आहे.
- सेकंड हँड घेताना ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलची टोकं आणि फेअरिंगचे क्लिप बघा. गाडी पडली असेल तर तिथे कळतं. थकलेली चलनं आणि कर्जाचा बोजा परिवहनच्या साइटवर तपासा.

पहिले १००० किलोमीटर

नवीन गाडीचा रनिंग-इनचा काळ आणि तुमच्या शिकण्याचा काळ एकच धरा.

- ०-२०० किमी: फक्त दिवसा. गाडी बंद असताना डोळे मिटून दोन्ही पाय पेडलवर नेऊन परत आणा, रोज २० वेळा. हसू नका, माझा पाय यानेच सुधारला.
- २००-५०० किमी: मोकळ्या मैदानावर ३० आणि मग ४० च्या वेगावरून थांबण्याचा सराव. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा.
- ५००-१००० किमी: हायवे, गिअर खाली घेऊन ओव्हरटेक, दर ५०० किमीला चेनला तेल. रात्रीचा प्रवास सर्वात शेवटी.

मग बदल करावा का?

रोज एकट्याने हायवेवर जाणं असेल, वळणावर मजा येत असेल आणि शिकायची तयारी असेल तर जरूर करा. मला पश्चात्ताप नाही. पण रोज दोघं बसणार असतील, मनगट किंवा कंबर आधीच कुरकुरत असेल, किंवा रात्रीच्या शिफ्टसाठी अंधाऱ्या रस्त्यानेच जावं लागत असेल, तर क्रूझर विकायची घाई करू नका. आणि घेतलीच, तर पहिल्या दिवशी टॉप स्पीड बघण्याआधी ब्रेक पेडल कुठे आहे ते पायाला शिकवा.