स्वयंचलित पियानो आणि सुरांचा करारनामा

स्वयंचलित पियानोच्या इतिहासात एडविन व्होटी याने १८९५ साली डेट्रॉइट येथे सिद्ध केलेल्या पियानोलाचा गौरव सर्वत्र होतो. परंतु १९०८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो शहरी भरलेली, या वाद्यांच्या कागदी गुंडाळ्या बनविणाऱ्या कारखानदारांची बैठक मला त्याहूनही अधिक महत्त्वाची वाटते. सच्छिद्र कागदाची गुंडाळी फिरत असता तिचे छिद्र वाद्यातील नळीच्या मुखासमोर आले, की हवा आत शिरून झडप उघडे, चिमुकला भाता आकुंचन पावे आणि नेमकी सूरपट्टी दाबली जाई. या छिद्रांची मापे मात्र जो तो आपल्या मर्जीने ठरवीत असे. कागदाची रुंदी सव्वाअकरा इंच आणि अठ्ठ्याऐंशी सुरांसाठी इंचाला नऊ छिद्रे, हे प्रमाण बफेलोने मुक्रर केले, आणि एकाच्या कारखान्यातील गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर निर्वेध वाजू लागली.

तथापि हा करार सुरांपुरताच होता. वादकाच्या स्पर्शाविषयी त्यात अवाक्षर नव्हते. आघाताचे तारतम्य नोंदविण्याची किमया फ्रायबुर्गच्या वेल्टे-मिन्योन यंत्राने १९०४ सालीच साधली होती. तिच्यामागून आलेल्या अँपिको आणि ड्युओ-आर्ट या यंत्रांनी आपापल्या सांकेतिक लिप्या योजल्या, त्यामुळे अँपिकोसाठी पियानोवादक रॅखमानिनॉफने वाजविलेले संगीत आपल्या साऱ्या छटांसह अँपिकोच्याच वाद्यावर प्रकट होई.

१९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात दोन भिन्न कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये तारेने जोडली गेली आणि सुरांचे संदेश अंकांनी पाठविण्याचा मिडी हा नवा करार अंमलात आला. त्यात पियानोच्या सुरांना २१ ते १०८ हे क्रमांक असून आघाताचा वेग १ ते १२७ या अंकांत लिहिला जातो. परंतु चाळीस या अंकाने हातोडी किती वेगाने उचलावी, हे त्या दस्तऐवजाने ठरविलेले नाही. संगणकातील आभासी पियानो तो अंक वाचून तत्क्षणी ध्वनिमुद्रित नाद देतो. खऱ्या पियानोत हळुवार आघाताची हातोडी तारेपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून यामाहाच्या डिस्क्लाव्हियरमध्ये सर्वच सूर सुमारे अर्धा सेकंद थांबवून लय सांभाळण्याची तजवीज आहे. आघाताच्या अंकाचा अर्थ असा अनिश्चित असल्याने संगणकावर मोहक भासलेली रचना लाकूड-तारेच्या वाद्यावर पुष्कळदा कर्कश होते, किंवा तिचे मंद सूर उमटतच नाहीत.

२०२० साली आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीने वेगाच्या पायऱ्या ६५,५३६ केल्या. पण पायऱ्या वाढल्याने त्यांचा अर्थ निश्चित होत नाही. आभासी आणि खऱ्या पियानोच्या निर्मात्यांनी एकत्र बसून आघाताचे एक सर्वमान्य माप ठरवावे आणि ते जाहीर करावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.