मारुतीचा एक आणा

मेच्या शेवटी मामांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आजीच्या देव्हाऱ्यातलं तांब्याचं नाणं होतं ते. एका बाजूला डोंगर उचलून निघालेला मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’ आणि साल १८१८. खाली मेसेज होता : ‘तू दर रविवारी जुन्या बाजारात फिरतोस ना? याचा भाव विचार. एक पार्टी नऊ लाख देतेय.’

मी लगेच फोन केला. पार्टी फेसबुकवर सापडली होती. मामांनी ‘नोंदणी’चे साडेचार हजार भरून टाकले होते. आता ‘टॅक्स’चे अठरा हजार भरायचे होते, मग नऊ लाख थेट खात्यात. मामेबहीण जुलैत इंजिनिअरिंगला जाणार होती. मामांनी नऊ लाखांत तिची चार वर्षांची फी, होस्टेल आणि लॅपटॉप सगळं बसवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, “मामा, रविवारपर्यंत एक रुपया पाठवू नका.”

“तू नाणेतज्ज्ञ कधीपासून झालास?” त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता. मी आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात स्वस्तात काही मिळतंय का ते बघतो. पुण्याचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर पाने, ड्रिल मशीन, एका पायाचा बूट, मोबाईलचे चार्जर, पितळी अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं. मधेच एखादा नाण्यांचा ढीग. चार वर्षांत माझी कमाई म्हणजे एक चालू कॅमेरा, एक कंदील आणि फसल्याचे सहा प्रसंग.

त्या रविवारी मी सकाळीच गेलो आणि नाण्यांच्या पहिल्याच ढिगात मारुती सापडला. मग दुसऱ्या ढिगात. तिसऱ्या ढिगात तर अकरा. कुठे मारुती, कुठे राम-सीता, कुठे कमळ. साल मात्र तीनच : १६१६, १७१७, १८१८.

“काका, केवढ्याला?”

“पाचशे. कंपनीचंय दादा, तारीख बघा ना.”

“पन्नास.”

“घ्या, बोहनीची वेळ आहे.”

नऊ लाखांची वस्तू पन्नास रुपयांत मिळाली, तीही फार घासाघीस न करता. कथा इथेच संपवता आली असती. पण मामांना नुसतं ‘खोटं आहे’ सांगून पटलं नसतं, कारण पार्टी त्यांना रोज ‘खरं आहे’ सांगत होती. मला कारणं हवी होती.

पहिलं कारण ती सालंच. १६१६, १७१७, १८१८ हे कोणीतरी एकच टेम्प्लेट घेऊन फक्त एक व्हेरिएबल बदलल्यासारखं दिसतं. कंपनी स्थापन झाली १६०० साली. १६१६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो तिच्यासाठी जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता. सुरतेत वखार चालवणारी ही मंडळी हिंदुस्थानात स्वतःच्या नावाने आण्याची नाणी पाडतील, हे शक्यच नव्हतं. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने कंपनीच्या मुंबईच्या टांकसाळीला मान्यता दिली, ती मोगली धर्तीचे रुपये पाडायला. म्हणजे नाव बादशहाचं, लिपी फारसी.

दुसरं कारण वजन. मामांनी गावातल्या सोनाराकडून नाणं तोलून घेतलं. भरलं अकरा ग्रॅम. कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या प्रांतांसाठी एकच चलन आणलं, त्यात तांब्याचा अर्धा आणा दोनशे ग्रेन वजनाचा होता, म्हणजे जवळजवळ तेरा ग्रॅम. पाव आणा त्याच्या निम्मा. अर्धा आणा तेरा ग्रॅमचा असेल, तर एक आणा अकरा ग्रॅमचा कसा? त्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीची ढाल आणि सिंह आहेत, मागे पानांच्या गोलात किंमत आहे. मारुती नाही आणि ‘यूकेएल’ही नाही.

मग देव कंपनीच्या नाण्यांवर कधीच नव्हते का? होते, आणि इथेच मला या प्रकरणात खरा रस वाटायला लागला. मद्रासला कंपनीने जे सोन्याचे पॅगोडा पाडले, त्यांवर देवाची आकृती होती, कारण दक्षिणेतल्या बाजाराला तशाच नाण्याची सवय होती. बंगालमध्ये आणि सुरतेत रुपया शाह आलम बादशहाच्या नावाचा. तो बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत पाडत राहिली. ज्या भागात जे नाणं विश्वासाचं, त्याचीच नक्कल करायची, ही कंपनीची रीत.

आणि १८१८? ते साल तर आपल्याच गावचं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेलं आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. इतका मोठा विजय मिळवणाऱ्याने पुण्यात आपल्या नावाचं ठळक नाणं पाडलं असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पेशव्यांच्या काळापासून पुण्यात अंकुशी रुपया चाले. त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण आणि शाह आलमचं नाव. इंग्रजांनी पुणे घेतल्यावरही तोच अंकुशी रुपया पाडणं चालू ठेवलं. राज्य बदललं, पण बाजारात गेलेल्या माणसाच्या हातातलं नाणं पुढची पंधरा-सोळा वर्षं जवळपास तेच राहिलं. विल्यम राजाचा चेहरा असलेला रुपया आला १८३५ मध्ये, सत्ता पक्की बसल्यावर.

म्हणजे खोट्या नाण्यावरचा इतिहास आपल्याला हवा तसा आहे. मोठ्या अक्षरात कंपनी, ओळखीचं साल, वर देवाचा आशीर्वाद. मोबाईलच्या स्क्रीनवर दोन सेकंदांत कळतो. खरा इतिहास झिजलेल्या फारसी अक्षरांत आहे आणि तो वाचायला वेळ लागतो.

त्याच ढिगात मला एक शिवराई दिसली. महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून ही तांब्याची नाणी सुरू झाली आणि पुढे शतकभराहून जास्त काळ वेगवेगळ्या टांकसाळींत पाडली गेली. ठसा नाण्याच्या तबकडीपेक्षा मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं क्वचितच पूर्ण उमटतात. माझ्या हातातल्या नाण्यावर फक्त ‘शिव’ दिसत होतं आणि मागे अर्धं ‘पति’. नंतरच्या काळातलं, झिजलेलं, साधं नाणं. दीडशे रुपयांना मिळालं. जुनं म्हणजे लाखांचं असं नसतं. किती नाणी उरलीत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि घेणारे किती आहेत, यावर भाव ठरतो.

संध्याकाळी मामांना दोन्ही नाण्यांचे फोटो पाठवले आणि तासभर बोललो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत, तेही सांगितलं. विकत घेणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही, एवढी एक ओळ मामांना सगळ्यात पटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. साडेचार हजार अजून परत आलेले नाहीत. अठरा हजार वाचले, ते फीच्या पहिल्या हप्त्यात गेले. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केलाय, जामीनदार मी.

फोन ठेवण्याआधी मामांनी विचारलं, “मग आईने पन्नास वर्षं काय पुजलं रे?”

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग म्हटलं, “आजीला इंग्रजी कुठे येत होतं, मामा? तिने मारुतीच पुजला.”

ते हसले. नाणं आता पुन्हा देव्हाऱ्यात आहे. मारुतीची बाजू वर करून.