हिंगोली जिल्ह्यातील फार्सी जगाच्या खुणा

फार्सी जग इराण देशाच्या सीमेपाशी संपत नव्हते. दरबार, न्यायदान, महसूल आणि इतिहासलेखन ही कार्ये ज्या ज्या प्रदेशांत फार्सी भाषेतून चालत, ते सर्व प्रदेश मध्ययुगात या जगाचे घटक होते. इ. स. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाल्यावर दख्खनचाही त्यात समावेश झाला. गिलानहून आलेल्या महमूद गवानाने १४७२ च्या सुमारास बीदर येथे बांधलेली मदरसा व तिच्या भिंतींवरील रंगीत कौलकाम पाहिले म्हणजे हा संबंध कोणासही पटतो. हिंगोली जिल्ह्यात अशी इमारत नाही. तथापि, तेवढ्यावरून हा प्रदेश त्या जगाबाहेर होता असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. येथील फार्सी खुणा इमारतींपेक्षा नद्यांच्या सीमांत, गावांच्या नोंदींत आणि नित्याच्या बोलण्यात अधिक आहेत.

प्रथम औंढा नागनाथाचा विचार करावा. यादवकालीन शिल्पपद्धतीच्या या देवालयाच्या बाह्य भिंती मूर्तिकामाने भरलेल्या असून, लिंग अरुंद पायऱ्या उतरून जावे लागते अशा भुयारवजा गाभाऱ्यात आहे. शिखराचा भाग उत्तरकालीन आहे, हे खालच्या दगडी कामाशी तुलना करताच ध्यानात येते. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवसत्ता संपली व राज्यकर्त्यांची भाषा बदलली. त्या बदलापूर्वीचा महाराष्ट्र कसा होता हे पाहावयाचे असल्यास औंढ्याच्या खालच्या थरांसारखे दुसरे साधन या जिल्ह्यात नाही.

औंढ्यालाच विसोबा खेचर व नामदेव यांची गुरुशिष्यभेट झाली असे परंपरा सांगते. नामदेवांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी कयाधूकाठचे नरसी हे गाव परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाते. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची पदे आहेत व आज त्यांची संख्या ६१ मानली जाते. त्यांपैकी तिलंग रागातील पदांत ‘करीम’, ‘रहीम’, ‘गनी’, ‘यार’, ‘खुशखबरी’ असे अरबी-फार्सी शब्द विपुल आहेत. हे शब्द मूळ रचनेतील की पुढील तीन शतकांच्या मौखिक परंपरेतील, हा प्रश्न वादाचा आहे. मात्र उत्तर कोणतेही असो, मराठी संताच्या नावावर ईश्वराला फार्सी संबोधनांनी हाक मारलेली भक्तांना परकी वाटली नाही, हे निर्विवाद आहे.

तिसरे स्थळ वसमत होय. अकबराच्या कारकिर्दीच्या उत्तरकाळी अबुल फजलाने लिहिलेल्या ‘आइने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या पाथरी सरकारातील महालांमध्ये बासमतचे नाव येते. पूर्णा नदीच्या या सुपीक खोऱ्याचा महसूल दूरच्या आग्र्यास फार्सी अंकपत्रकांतून वाचला जात होता, असा याचा अर्थ. या व्यवस्थेची रचना मोठी बोलकी आहे. सुभा, सरकार, परगणा, कसबा, मौजे ही वरची सर्व नावे फार्सीतून आली. गावपातळीवरील पाटील, कुळकर्णी आणि परगणापातळीवरील देशमुख, देशपांडे ही नावे मात्र देशी राहिली. राज्याने मोजणी आपल्या भाषेत केली, परंतु मोजणारा माणूस स्थानिकच ठेवला. शेतकऱ्याचा खरीप व रब्बी, जिरायत व बागायत हे शब्दही याच मार्गाने आले. वसमतच्या हळदीच्या बाजारात आजही ‘हळद’ संस्कृतोद्भव आणि ‘बाजार’ फार्सी आहे, व दोहोंत कोणासही विसंवाद जाणवत नाही.

चौथे स्थळ नैसर्गिक आहे, ते म्हणजे पैनगंगा. ईसापूरच्या जलाशयाकाठी उभे राहणाऱ्यास ती केवळ नदी दिसते. इतिहासाच्या अभ्यासकास ती बऱ्याच लांबीपर्यंत दोन कारभारांमधील सीमारेषा दिसावी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. दक्षिणेचा मुलूख निजामाकडेच राहिला. तेथे १८८४ च्या सुमारापर्यंत फार्सी ही राजभाषा होती. नंतर तिची जागा उर्दूने घेतली व १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील होईपर्यंत ती टिकली. दोन्ही तीरांवर घरची बोली मराठीच होती; पण एका तीरावरील कुळाचा अर्ज ज्या लिपीत व ज्या भाषेत लिहिला जाई, ती दुसऱ्या तीरावर चालत नसे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नदीचे ते राजकीय महत्त्व इतिहासजमा झाले होते.

या अवलोकनाचा व्यावहारिक निष्कर्षही आहे. इनामाची सनद, मठ व दर्गे यांना मिळालेल्या देणग्यांचे कागद, वतनाचे निवाडे हे ज्या राजवटीत लिहिले गेले तिची भाषा फार्सी होती. असा कागद न वाचता आल्यास तो जपणारे घराणेही स्वतःच्या हक्काचा इतिहास ऐकीव गोष्टींवरच सांगते. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्या’चे खंड सिद्ध केले व माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश दिला, तो याच उणिवेच्या जाणिवेने. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मंदिराचे दगड वाचणारे पुष्कळ भेटतात. कागद वाचणारा दुर्मिळ होत चालला आहे. तो तयार झाला नाही, तर या भूमीच्या पाच शतकांचा इतिहास पेटीत बांधूनच राहील.