काड्या, काठ आणि पंखा

बहिणीच्या रुखवतात ठेवायला घडीचा पंखा करायचं मी अंगावर घेतलं. सामान घरातलंच. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या (त्या कशा जमल्या ते विचारू नका), सुईदोरा आणि आजीच्या विरलेल्या इरकली लुगड्याचा काठ. काड्यांना खाली भोकं पाडून एकत्र बांधल्या. पण पंखा उघडला की काड्या वाट्टेल तिकडे पळायच्या. मग सवयीप्रमाणे नेटवर शोधायला बसलो आणि पोचलो थेट जुन्या जपानात.

घडीचा पंखा मूळचा जपानचा मानतात. त्याचा सगळ्यात जुना प्रकार ‘हिओगी’, म्हणजे हिनोकी नावाच्या झाडाच्या पातळ पट्ट्यांचा पंखा. आणि या पट्ट्यांचं मूळ बहुधा ‘मोक्कान’मध्ये आहे. कागद महाग होता, तेव्हा सरकारी निरोप, मालावरच्या चिठ्ठ्या, अक्षरं गिरवणं, सगळं लाकडी पट्ट्यांवर चालायचं. काम झालं की चाकूने वरचा थर तासायचा आणि पुन्हा लिहायचं. नारा इथल्या हेइजो राजवाड्याच्या जागी १९६१ साली असे मोक्कान पहिल्यांदा सापडले, पुढे हजारोंनी सापडले. शाई लागलेल्या ढलप्यासुद्धा! काही पट्ट्या तर शेवटी शौचाला वापरल्या गेल्या. सरकारी कागदपत्रांबद्दलची ही भावना बरीच जुनी दिसते.

अशाच पट्ट्या एका टोकाला ओवल्या की झाला पंखा. दरबारी मंडळी समारंभाचा क्रम विसरू नये म्हणून त्यावर टिपणं लिहून न्यायची. क्योतोच्या तोजी देवळातल्या सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या मूर्तीच्या हातात, म्हणजे अगदी पोकळ हाताच्या आत, एक हिओगी मिळाला. त्यावर इ. स. ८७७ चा उल्लेख आहे. पुढे पंख्यावर चित्रं आली, रंगीत गोंडे आले. मला मात्र ती कॉपीची चिठ्ठीच जास्त आवडते.

माझा बगही तिथेच सुटला. हिओगीत वरच्या बाजूनेही पट्टीपट्टीतून दोरा ओवलेला असतो, त्यामुळे काड्या ठरावीक अंतरावर थांबतात.

आता वर फक्त काठ लावायचा होता आणि आई कात्री देईना. बाकीचं लुगडं गोधडीत गेलं होतं. आजीचा म्हणून हा काठच उरला होता. “पंखा काय, बाजारात मिळतो,” म्हणाली. मी वाद घातला नाही. दरबाऱ्यांसारखं काड्यांवर बारीक अक्षरात लग्नाचा क्रम लिहीत बसलो: सीमांतपूजन, गौरीहार, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी.

आई मागून वाचत होती. “लाजाहोम राहिला,” म्हणाली. आजीच्या वेळी, आईच्या वेळी काय काय झालं ते सांगत माझ्याकडून आणखी चार काड्या भरून घेतल्या. मग काठ मांडीवर घेऊन दोनदा मापला आणि स्वतःच कापला.

वीतभर उरलाय. तो तिने परत कपाटात ठेवलाय.