चाकाची पकड : पाव मैलाच्या शर्यतीचा इतिहास

चिखलांत रुतलेली बैलगाडी ज्यानें पाहिली आहे, त्यास बळ आणि पकड यांतील भेद वेगळा सांगावा लागत नाहीं. बैल कितीहि दांडगे असोत, खुरांखालीं घट्ट भूमि नसेल तर त्यांचें बळ जागच्या जागीं जिरून जातें. मोटारगाडीचेंहि तसेंच आहे. इंजिन शंभर घोड्यांचें असो वा हजार घोड्यांचें, त्याचें बळ रस्त्यापर्यंत पोंचतें तें इंजिनानें फिरणाऱ्या चाकांच्या वीतभर स्पर्शांतूनच. तो स्पर्श सुटला कीं चाक जागेवरच गरगरतें, रबर जळतें, धूर निघतो आणि गाडी मात्र रेंगाळते. या एका अडचणीशीं अमेरिकेंतील हौशी तरुणांनीं जी झुंज दिली, तिचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

या खेळाचें मूळ दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोरड्या पडलेल्या सरोवरांत सांपडतें. म्युरॉक, एल मिराज अशा ठिकाणच्या कठीण, सपाट तळावर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांवरील अनावश्यक ओझें उतरवून त्या भरधांव सोडीत. १९३७ सालीं अशा मंडळांनीं एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस फोफावली. पण सरोवरें दूर पडत, म्हणून पुष्कळशा शर्यती शहरांच्या हमरस्त्यांवरच होऊं लागल्या आणि त्यांतून अपघात घडूं लागले. यावर तोडगा निघाला तो विमानांच्या धांवपट्ट्यांचा. १९५० सालीं सँटा ॲना येथील विमानतळावर सी. जे. हार्ट व त्यांचे सहकारी यांनीं तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. १९५१ सालीं 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांच्या पुढाकारानें 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' निघाली. शर्यतीचें अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. दोन गाड्या शेजारींशेजारीं उभ्या राहावयाच्या आणि इशारा होतांच सुटावयाच्या. सरोवरावर वेग घेण्यास ऐसपैस जागा असे. येथें मात्र सुटतांना जो चुकला तो बहुधा मागेंच राहिला. त्यामुळें इंजिनाच्या बरोबरीनें मागच्या चाकासहि महत्त्व आलें.

पकडीस कांहीं मर्यादा आहे काय? पाठ्यपुस्तकांतील घर्षणाचा नियम फ्रेंच पंडित आमाँताँ यानें १६९९ सालीं मांडला होता. घर्षण हें दाबाच्या प्रमाणांत वाढतें, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर तें अवलंबून नसतें, असा त्याचा आशय. त्यांत आणखी असें गृहीत धरलें कीं, चाकाची ओढ त्यावरील वजनापेक्षां अधिक होऊं शकत नाहीं, तर हिशेब सोपा होतो. अशी गाडी पाव मैल तोडण्यास नऊ सेकंदांहून किंचित् अधिक काळ घेईल आणि शेवटीं तिचा वेग ताशीं सुमारें १९९ मैल असेल. हवेचा अडथळा जमेस धरला तर काळ याहूनहि अधिक लागावयाचा आणि वेग कमीच यावयाचा.

रबरानें हें गणित खोटें पाडलें. रबर लांकडासारखें वा लोखंडासारखें वागत नाहीं. तें मऊ असल्यामुळें रस्त्याच्या बारीक खांचाखोंचांत शिरतें आणि ऊन झाल्यावर त्यांस चिकटूनहि बसतें. म्हणून रबराच्या बाबतींत स्पर्शाचें क्षेत्रफळ वाढविलें तर पकड वाढते. नक्षीचे कंगोरे पावसाळी रस्त्यावर उपयोगी पडतात. कोरड्या पट्टीवर त्यांच्या मधल्या फटी म्हणजे वायां गेलेली जागा. हें ध्यानीं आल्यावर शर्यतवाले झिजलेल्या टायरवर सपाट रबराचा नवा थर चढवून घेऊं लागले. पुढें मॅसॅच्युसेट्समधील मार्विन रिफ्किन व त्याचे वडील हॅरी यांच्या 'एम अँड एच' कंपनीनें खास या शर्यतीसाठीं मऊ रबराचे गुळगुळीत टायर घडविले. 'स्लिक' हें त्यांचें नांव रूढ झालें.

१९५७ सालीं फ्लॉरिडांतील डॉन गार्लिट्स यानें ८.७९ सेकंदांत पाव मैल तोडल्याचें आणि त्याचा वेग ताशीं १७६.४० मैल असल्याचें वृत्त आलें, तेव्हां कॅलिफोर्नियांतील लोकांनीं तें खरें मानलें नाहीं. शेवटचा वेग हिशेबापेक्षां बराच कमी असूनहि वेळ मात्र कमीच लागला, याचा अर्थ आरंभींची ओढ वजनाहून पुष्कळच अधिक असली पाहिजे. १९६४ सालीं न्यू जर्सींतील ग्रेट मेडोज येथें त्यानेंच २०१.३४ मैलांचा वेग गांठला, तेव्हां संशयास जागा उरली नाहीं.

टायरबरोबरच वजनाचा विचारहि चालू होता. गाडी झटक्यानें पुढें निघाली कीं तिचा भार मागें सरकतो आणि गुरुत्वमध्य जितका उंच, तितका तो अधिक सरकतो. डेट्रॉइटमध्यें क्रायस्लर कंपनींतील कांहीं तरुण इंजिनिअरांनीं कामाच्या वेळेबाहेर 'रॅमचार्जर्स' नांवाचें मंडळ काढलें होतें. त्यांनीं १९४९ च्या एका प्लिमथ गाडीचा सांगाडा मुद्दाम उंच उचलला. ती बेढब गाडी १९५९ च्या राष्ट्रीय शर्यतींत उतरली, तेव्हां प्रेक्षकांस हंसूं आलें असल्यास नवल नाहीं. पण तिच्या मागचें गणित पक्कें होतें. इंजिनाच्या पिळामुळें मागच्या आंसाचें उजवें चाक उचललें जातें, हेंहि अशा मंडळींनीं ओळखलें आणि त्या बाजूची स्प्रिंग अधिक ताठ केली. १९६५ सालीं क्रायस्लरच्या कांहीं गाड्यांचीं मागचीं चाकें १५ इंच व पुढचीं १० इंच पुढें सरकविण्यांत आलीं. दिसण्यांत त्या इतक्या विचित्र झाल्या कीं, तशा धर्तीच्या गाड्यांस 'फनी कार' हें नांव पडलें.

पुढें टायरच्या कडाच लवचिक करण्यांत आल्या. हवा अगदीं कमी भरली म्हणजे सुटतांना कडेस सुरकुत्या पडतात, टायर जमिनीवर पसरतो आणि धक्का झेलतो. वेग वाढला कीं तोच टायर फुगून उंच होतो. शर्यतीपूर्वीं चाकें जागेवर फिरवून रबर तापविण्याची चाल पडली. त्यासाठीं प्रथम कपडे धुण्याचें ब्लीच ओतीत. नंतर साधें पाणी पुरेसें ठरलें. हौशी माणसास मात्र एवढ्या खर्चाची गरज नव्हती. टायरवर खडूची आडवी रेघ ओढावी, थोडें अंतर जावें आणि पाहावें. रेघ मध्येंच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. ही युक्ति एका खडूच्या किमतींत साधते.

या इतिहासाची दुसरी बाजू रक्तानें लिहिलेली आहे. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून वेगवान गाड्यांत चालकाचें आसन मागच्या आंसाच्याहि पाठीमागें नेण्यांत आलें. इंजिन त्याच्या पुढ्यांत आणि गिअरची पेटी पायांजवळ. ही रचना पकडीस अनुकूल, पण चालकाच्या जिवास घातक होती. १९७० च्या मार्च महिन्यांत लायन्स येथील पट्टीवर गार्लिट्सच्या गाडीची ती पेटी फुटली आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटून गेला. रुग्णशय्येवर त्यानें नवा विचार केला. भार मागेंच हवा ना? मग चालकाऐवजीं इंजिन मागें न्यावें. अशा गाड्या पूर्वीं कोणीं केल्या होत्या, परंतु त्या सरळ धांवत नसत. गार्लिट्स व त्याच्या सोबत्यांनीं सुकाणूचें चाक अधिक फिरवावें तेव्हां पुढचीं चाकें थोडीं वळावीं, अशी योजना केली आणि गाडी वठणीवर आली. १९७१ सालीं पोमोना येथील शर्यत त्यानें याच गाडीनें जिंकली. थोड्याच वर्षांत जुनी रचना मागें पडली. पकड राहिली आणि माणसेंहि वांचूं लागलीं.

तरी धोका संपला नाहीं. २००८ सालीं स्कॉट कॅलिटा या चालकाचा शर्यतींत मृत्यु झाल्यावर सर्वांत वेगवान वर्गांचें अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणण्यांत आलें. महाराष्ट्रांतहि लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. म्हणून हा इतिहास केवळ परक्यांचा म्हणतां येत नाहीं. हमरस्त्यावर गाडी दामटणाऱ्या तरुणास नुसता उपदेश करून भागत नाहीं. त्यास मोकळी पट्टी, कडक नियम आणि यंत्राचें ज्ञान द्यावें लागतें, हें सँटा ॲनाच्या लोकांनीं १९५० सालींच ओळखलें होतें. वेगाची हौस तरुणांत राहणारच. तिच्या पायाखालीं घट्ट भूमि घालणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.