तोड्याच्या बंदुकीचे चित्रपुस्तक

चित्रकार याकोब दे गेन याचे शस्त्रकवायतीचे पुस्तक १६०७ मध्ये हेग येथे प्रसिद्ध झाले. त्यातील ११७ चित्रांपैकी ४२ हलक्या बंदुकीची, ४३ मस्केट या जड बंदुकीची आणि उरलेली ३२ लांब भाल्याची आहेत. प्रत्येक चित्रात एकच सैनिक आणि त्याची एकच हालचाल. बार उडण्याच्या क्षणाला या मालिकेत फारशी जागा नाही. पुस्तक व्यापले आहे ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या श्रमांनी.

हे श्रम समजून घेतल्याखेरीज त्या काळच्या लढाईची गती कळत नाही. शोरा, गंधक व कोळसा यांची दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतावयाची, मागोमाग शिशाची गोळी सोडावयाची आणि गजाने हे सारे ठासावयाचे. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असे. मराठीत त्याला कान म्हणत. (शत्रूच्या हाती पडू पाहणाऱ्या तोफेच्या कानात खिळे ठोकीत, तो हाच कान.) कानालगतच्या वाटीत बारीक दारूची चिमूट, म्हणजे रंजक, घालून झाकण लावले जाई, सांडलेले कण फुंकून टाकले जात. मग पाळी तोड्याची. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची वा वाखाची दोरी. ती ज्योत न धरता सावकाश धुमसत राही. तिचे टोक फुंकरीने फुलवून चापाशी जोडलेल्या लोखंडी चिमट्यात अडकवावयाचे, झाकण उघडावयाचे, चाप ओढावयाचा. निखारा वाटीत टेकला की ज्वाळा कानातून आत शिरे.

दारू भरीत असताना हा पेटता तोडा सैनिकाच्या डाव्या हातातच असे. दे गेनचे रेखाटन डौलदार आहे, यात शंका नाही; पण त्या डौलाचे मूळ शोभेत नसून भीतीत आहे. क्रम चुकला, तर पहिला बळी स्वतः बंदूकवाला किंवा रांगेतील त्याचा शेजारी.

भरण्याची गती फारशी वाढविता येत नव्हती. तेव्हा माणसांची मांडणी बदलावी लागली. नासाऊ घराण्यातील विल्यम लुई याने ८ डिसेंबर १५९४ च्या पत्रात आपला चुलतभाऊ मॉरिस यास तसे सुचविले: पहिल्या ओळीने बार काढून मागे जावे व पुन्हा भरावे, तोवर दुसरीने पुढे यावे. ही कल्पना त्याला एलियनच्या युद्धशास्त्रावरील प्राचीन ग्रंथाच्या वाचनातून सुचली. बंदुकीचे नावही ठाऊक नसलेल्या ग्रंथकाराने बंदूकधाऱ्यांना शिस्त लावावी, हे साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानातील तोड्याची बंदूकही साधारणपणे याच क्रमाने भरली जाई, आणि तिच्या अडचणीही याच होत्या. पावसात तोडा विझे, वाऱ्याने रंजक उडून जाई. कधी रंजक भडके, पण ज्वाळा आत पोचत नसे. धूर निघे, गोळी मात्र नळीतच. असा बार फुसका निघाला, की समोर शत्रू असतानाच तोडा चिमट्यातून काढून दूर धरावा लागे, कान मोकळा करावा लागे आणि वाटीत नवी चिमूट घालावी लागे.